जुन्या मोटारीचा कार्बोरेटर

श्रोतेहो, आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी फेरफटका मारा. एखाद्या वाड्याच्या पडवीत, एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे, नाहीतर साखर कारखान्याच्या वसाहतीत पत्र्याच्या छपराखाली एक जुनी मोटार उभी असलेली हमखास दिसेल. वर ताडपत्री, ताडपत्रीवर चिमण्यांची वस्ती, आणि चाकांत हवा नाही. गाडी कुणाची म्हणून विचारावे, तर घरातले सांगतात, "आमच्या अण्णांची. चालत होती हो परवापरवापर्यंत. कार्बोरेटर गेला, आणि आता तो मिळत नाही."

हे जे 'मिळत नाही' म्हणतात ते कितपत खरे, आणि तसाच मिळाला नाही तर त्याच्या जागी दुसरा कोणता बसवावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. मोटारदुरुस्ती हा काही माझा धंदा नव्हे. पण घरी वडिलांच्या वेळची फियाट आहे, आणि तिच्या निमित्ताने गेली पंधरा-वीस वर्षे मिस्त्री मंडळींच्या बाकड्यावर बसून पुष्कळ चहा झाला आहे. तिथे जे पाहिले आणि पुढे पुस्तकांतून पडताळून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

उदाहरणादाखल फियाटच घेऊ, कारण आपल्याकडे ती घरोघर ओळखीची. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' बाहेर पडू लागली, आणि १९७० नंतरच्या दशकात तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' झाली. नाव बदलले, इंजन मात्र तेच राहिले: चार सिलिंडरचे, १०८९ सी.सी.चे, चाळीसेक घोडाशक्तीचे. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला माहीत झाली. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले, आणि मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. या शेवटच्या तारखेचा आपल्या कार्बोरेटरशी जवळचा संबंध आहे. तो कसा, ते पुढे सांगतो.

आधी कार्बोरेटर करतो काय ते पाहू. शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात हे दोन मिनिटांत दाखवता येते. पेलाभर पाणी घ्या. एक नळी पाण्यात उभी धरा, तिचे वरचे टोक पाण्याच्या पातळीच्या जेमतेम बोटभर वर असू द्या. दुसरी नळी आडवी धरून तिच्या तोंडाने उभ्या नळीच्या टोकावरून जोराने फुंकर मारा. उभ्या नळीतून पाणी आपोआप वर चढेल आणि फवारा होऊन समोरच्या बाकावरच्या मुलांच्या तोंडावर उडेल. मुलांना आनंद, आणि आपले काम झाले. वेगाने जाणाऱ्या हवेतला दाब कमी होतो, म्हणून खालचे पाणी वर ओढले जाते. दानियल बर्नूली याने वाहत्या द्रवाचा हा नियम १७३८ साली पुस्तकात मांडला. नळी मध्ये आवळली की तिथे वेग वाढतो आणि दाब घटतो, हे इटलीच्या व्हेंचुरीने १७९७ साली प्रयोगांनिशी प्रसिद्ध केले. पुढे १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाखने आणि हंगेरीत बांकी व चोन्का या जोडीने याच तत्त्वावर पेट्रोलचा फवारा करणारे कार्बोरेटर तयार केले.

म्हणजे कार्बोरेटर हे एक कमरेत आवळलेले नळकांडे. या आवळलेल्या जागेला व्हेंचुरी म्हणतात. तिथे एक बारीक तोटी उघडते. शेजारी पेट्रोलची वाटी, वाटीत तरंगणारा फ्लोट. जनावरांच्या हौदावर तरंगता गोळा बसवून नळ आपोआप बंद होण्याची सोय आपण करतो ना, अगदी तसाच हा फ्लोट. पेट्रोल वर आले की तो एक सुई दाबून धरतो आणि आवक थांबते. वाटीतून तोटीकडे जाताना पेट्रोलला एका पितळी छिद्रातून जावे लागते. ते जेट. औषधफवारणीच्या पंपाचे नोझल बदलले की धार जाड-बारीक होते, तसेच जेटचे. आणि सर्वांत खाली असते ती पायाने उघडणारी चकती, बटरफ्लाय.

आता प्रमाण ऐका. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरात सांगायचे तर एका लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा. नऊ हजार लिटर म्हणजे पाण्याचा चांगला मोठा टँकर! तेवढ्या हवेत एक लिटर पेट्रोल सारखे वाटायचे, तेही गाडी चढावर असो, उतारावर असो, थंडीची सकाळ असो की वैशाखातली दुपार असो. हे सगळे काम एकही विजेची तार न लावता, चार-पाच छिद्रे आणि एक स्प्रिंग करतात. जुन्या कारागिरांचे कौतुक वाटते ते इथे.

तर मूळ प्रश्न. मिस्त्री म्हणतो, कार्बोरेटर गेला. गेला म्हणजे काय झाले? माझे मत असे की, दहांतल्या निम्म्याहून अधिक वेळा कार्बोरेटर गेलेला नसतोच. गाडी वर्षभर उभी राहते, पेट्रोल उडून जाते, मागे डिंकासारखा चिकटा राहतो आणि तो जेटमध्ये बसतो. तो नीट उघडून, योग्य द्रावणात धुऊन, हवेच्या दाबाने साफ केला की काम भागते. जेटमध्ये स्टोव्हची पिन किंवा तार मात्र कुणाला घालू देऊ नका. पितळ मऊ असते. पिन दोनदा फिरली की छिद्र मोठे झाले, आणि मग गाडी पेट्रोल का पिते म्हणून आपण इतरत्र शोधत बसतो.

फ्लोट पितळी असेल तर तो कानाशी धरून हलवून पाहा. आत पेट्रोल खळखळले तर त्याला भोक पडले आहे. तो गरम पाण्यात बुडवा. ट्यूबचे पंक्चर काढताना बुडबुडे पाहतो तसे पाहा, जागा सापडेल. आतले पेट्रोल काढून टाकून मगच डाग द्यायचा, नाहीतर भडका उडेल. आणि डाग देताना कथील थेंबभरच. फ्लोट जड झाला की वाटीतली पातळी वाढते.

कार्बोरेटर खरोखर म्हातारा होतो तो वेगळ्या ठिकाणी. बटरफ्लाय ज्या दांडीवर फिरते, तिची दोन्ही टोके कार्बोरेटरच्या अंगात घासून घासून भोके लंबगोल करतात. त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते. मग गाडी उभ्या जागी स्थिर चालत नाही, कधी रेस आपोआप चढते, कधी बंद पडते, आणि मिस्त्री स्क्रू पिळून पिळून थकतो. दांडी बोटांनी धरून वरखाली हलवून पाहा. खुळखुळत असेल तर रोग कळला. दुसरे म्हणजे खालची बैठक वाकणे. नट फार आवळले की मऊ धातूची बैठक दोन्ही कानांशी वाकते आणि मध्ये फट राहते. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून बैठक त्यावर घासली की पुन्हा सपाट होते. दांडीच्या भोकांत लेथवर पितळी किंवा ब्राँझचे बुश बसवता येतात. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, जिथे ऑइल इंजिनांचे आणि पंपांचे भाग करण्यात पिढ्या गेल्या, तिथे असले काम करणारे हात आजही आहेत. म्हणून पहिला सल्ला हाच, की बदली शोधायला निघण्याआधी आहे तोच दुरुस्त होतो का ते पाहा. अंगालाच तडा गेला असेल, आटे पार गेले असतील किंवा कुणी मधली व्हेंचुरीच हरवली असेल, तर मात्र नाइलाज.

मग बदली. इथे एक हकिकत सांगतो. आमच्या भागातले एक निवृत्त मुख्याध्यापक. १९७२ सालची फियाट, त्यांनी नोकरीत असताना शिलकीतून घेतलेली. मुलगा पुण्याला, घरी दोघेच. बाईंना आठवड्यातून दोनदा तालुक्याला दवाखान्यात न्यावे लागे, आणि एस.टी.त चढणे त्यांना जमत नसे. त्यामुळे गाडी ही त्यांची हौस नव्हती, गरज होती. कार्बोरेटर बिघडला. गावातला मिस्त्री त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने कुठून तरी ॲम्बॅसिडरचा एक जुना कार्बोरेटर पैदा केला आणि बसवला. गाडी सुरू झाली. मिस्त्री खूश. म्हणाला, "बघा गुरुजी, बसला की नाही फिट?"

गुरुजी महिन्याभराने पुन्हा गेले. म्हणाले, "बसला रे बाबा, पण पितोय किती! पूर्वी बारा-तेरा किलोमीटर जायची, आता आठावर आली."

"गाडी जुनी झाली, गुरुजी. आता चालायचंच."

"अरे, गाडी काय महिन्यात म्हातारी झाली?"

गुरुजी गणिताचे शिक्षक. त्यांनी बॉनेट उघडून इंजन-ऑइलची पट्टी काढली आणि नाकाशी धरली. ऑइलला पेट्रोलचा वास! ही गोष्ट साधी नाही. जास्तीचे, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते, रिंगा घासतात, आणि वर्षभरात इंजन उघडायची पाळी येते. गुरुजींच्या पेन्शनीत एक कार्बोरेटर बसत होता, पण इंजनाचे बोअरिंग बसण्याजोगे नव्हते.

चूक कुठे झाली? ॲम्बॅसिडरचे इंजन १४८९ सी.सी.चे, फियाटचे १०८९. चार-स्ट्रोक इंजन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाइतकी हवा ओढते. मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर फियाट, पूर्ण भरली असे मानून, साधारण सोळाशे लिटर हवा घेते आणि ॲम्बॅसिडर बावीसशेच्या वर. म्हणजे ॲम्बॅसिडरच्या कार्बोरेटरची कंबर जाड आणि जेट मोठे. ते फियाटवर घातले की हवेचा वेग मंदावतो, फवारा बारीक होत नाही, थेंब थेंब आत पडतात. बाहेरून दोन्ही सोलेक्स जातीचे, बैठकीचे बोल्ट जमून जातात किंवा जमवता येतात, त्यामुळे माणूस फसतो. बोल्ट जमले म्हणजे कार्बोरेटर जमला, हा समज आपल्या गॅरेजांत फार पसरलेला आहे.

शेवटी गुरुजींचा मूळ कार्बोरेटर अडगळीतून शोधून काढला, त्याला बुश घातले, नवी सुई आणि पॅकिंगे घातली, ऑइल बदलले, आणि गाडी पुन्हा बारावर आली. मिस्त्रीनेच केले हे सगळे. मुलगा कसबी होता. त्याला फक्त कुणी आकड्यांचा हिशेब सांगितला नव्हता.

तो हिशेब असा. कार्बोरेटरवर ३२ असा आकडा कोरलेला असला, तर तो बहुधा खालच्या गळ्याचा, म्हणजे बटरफ्लायच्या जागेचा व्यास मिलिमीटरात असतो. व्हेंचुरीचा आकडा वेगळा आणि त्याहून लहान, कारण ती आवळलेली असते. बदली निवडताना या दुसऱ्या आकड्याला जास्त महत्त्व. सोलेक्स जातीच्या जेटवर १२० असे लिहिले असले तर छिद्र १.२० मिलिमीटरचे. इतर कंपन्यांच्या आकड्यांचा अर्थ निराळा असू शकतो, म्हणून एका कंपनीचा आकडा दुसरीला लावू नये. आणि कार्बोरेटर शोधताना गाडीचे सी.सी. जसे पाहावे, तशीच घोडाशक्तीही पाहावी. कारण शक्ती जितकी, हवा साधारण तितकी.

या दुसऱ्या कसोटीवर एक गंमत दिसते. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८००. तिचे इंजन ७९६ सी.सी.चे, म्हणजे फियाटहून लहान. पण ते जास्त फेऱ्यांवर पळते, आणि त्याची शक्तीही चाळिसाच्या आसपास. म्हणून तिचा कार्बोरेटर फियाटला हवेच्या बाबतीत अगदीच परका नाही. पुष्कळ ठिकाणी तो फियाटवर बसवतात, त्याचे कारण हेच. शिवाय तो दोनगळी. साध्या चालीला लहान गळा, आणि जोर लागला की दुसरा उघडतो. त्यामुळे नीट जमवला तर पेट्रोलही वाचते.

पण 'नीट जमवला तर' या तीन शब्दांत सगळे आले. दोन्हींच्या बैठकी वेगळ्या, म्हणून मध्ये ॲल्युमिनियमची जाड पट्टी कापून घ्यावी लागते. तिचे भोक वरून दोन गळ्यांना आणि खालून एका तोंडाला गुळगुळीत जुळले पाहिजे. मध्ये पायरी राहिली की पेट्रोल तिथे साचते. ॲक्सिलरेटरची दांडी कुठल्या बाजूला ओढते ते पाहायचे. उलट्या बाजूने जोडली आणि स्प्रिंग कमी पडली तर पाय काढल्यावरही गाडी पळत राहील, आणि घाटात याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको. वाटी शक्यतो गाडीच्या पुढच्या अंगाला यावी, म्हणजे चढावर पेट्रोल जेटकडे सरकते, जेटपासून दूर जात नाही. नव्या काळच्या कार्बोरेटरवर विजेवर चालणारी एक कळ असते. गाडी बंद केली की ती उभ्या चालीचे पेट्रोल तोडते. तिला किल्लीच्या तारेवरून वीज द्यावी लागते. ती न दिल्यास गाडी उभ्या जागी चालत नाही, आणि मिस्त्री म्हणतो कार्बोरेटर खराब. जास्तीचे पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळी असेल तर तिचे तोंड नुसते बुजवू नये. आणि शेवटी बॉनेट बंद होते का ते पाहावे! हसू नका, पट्टी बसवून, सगळे जोडून, बॉनेट अडकलेली गाडी मी पाहिली आहे.

जीपवाल्यांचाही विचार करू. आपल्या खेड्यांत मोटार म्हणजे प्रथम जीपच आली. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. तिच्यावर मूळ कार्टर या अमेरिकन कंपनीचा कार्बोरेटर. इंजन सुमारे २२०० सी.सी.चे, पण संथ, कमी फेऱ्यांवर ओढणारे. त्याच्या जागी सोलेक्स बसवण्याचा प्रघात जुना आहे, आणि जीपच्या मापाने बनवलेला सोलेक्स घेतला तर तो चांगला चालतो. फियाटवरून काढलेला घातला तर तीच जीप चढावर दम टाकते, कारण इथे उलट घडते, घसा लहान आणि फुफ्फुस मोठे. आपल्याकडच्या पुष्कळ जीपांवर पुढे डिझेल इंजने चढली, त्यामुळे हा प्रश्न आता थोड्यांनाच पडतो.

आता माल शोधायचा कुठे? कार्बोरेटर मोटारींतून गेले ते २००० नंतरच्या काही वर्षांत, प्रदूषणाचे नियम कडक होऊन इंधन मोजून फवारणारी यंत्रणा आली तेव्हा. दुचाकींवरूनही ते एप्रिल २०२० च्या नियमांनंतर बहुतांशी गेले. म्हणजे नव्याने फारसे बनत नाहीत. उरला जुना साठा आणि भंगार. मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार आणि चोरबाजार, पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एखादे तरी जुने स्पेअरचे दुकान असते, ज्याच्या माळ्यावर मालकालाही माहीत नसलेला माल पडून असतो. माझा अनुभव असा की, असल्या दुकानात मालकाशी बोलण्याआधी तिथल्या सगळ्यांत वयस्क नोकराशी बोलावे.

मघाशी टॅक्सीचे सांगितले, ते इथे येते. पद्मिनी टॅक्स्या मोडीत निघत होत्या तोवर त्यांचे भाग बाजारात येत होते. २०२३ नंतर ती आवक आटली. आणि जे टॅक्सीचे कार्बोरेटर अजून मिळतात, ते घेताना एक लक्षात ठेवा. या टॅक्स्या शेवटची बरीच वर्षे सी.एन.जी.वर चालल्या. त्यामुळे जेट, वाटी, सुई अगदी कोरी दिसतात, कारण त्यांतून पेट्रोल क्वचित गेले. परंतु बटरफ्लायची दांडी दिवसाचे बारा तास फिरलेली असते. तेव्हा झाकण उघडून आतली चकाकी पाहू नका, दांडी हलवून पाहा. गॅसच्या नळीसाठी अंगाला कुठे भोक पाडले आहे का तेही बघा. बटरफ्लाय मिटून गळा उजेडाकडे धरा. कडेने सारखी बारीक रेघ दिसली तर ठीक, एका बाजूला चंद्रकोर दिसली तर ती झिजली किंवा वाकली आहे. नवा म्हणून डब्यात बंद मिळणारा नकली मालही बाजारात पुष्कळ. त्याची धार खरखरीत, आटे सैल, आणि जेटवर आकडाच नसतो. आकडा नसलेला जेट घेऊ नये. वजनमाप नसलेल्या तराजूने कुणी ज्वारी घेतो का?

आता एक गोष्ट अशी, जी जुन्या मिस्त्रींच्या काळी नव्हती, आणि जिचा आपल्यातल्या ऊस पिकवणाऱ्यांशी संबंध आहे. २०२३ पासून आपल्या देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकायला सुरुवात झाली, आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक पंपांवर आले. हे इथेनॉल आपल्या उसापासून आणि धान्यापासूनही होते. शेतकऱ्याला त्याने एक गिऱ्हाईक मिळाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण १९७२ सालच्या गाडीने त्याची कल्पना केली नव्हती. इथेनॉलच्या अंगात मुळातच प्राणवायू असतो, म्हणून त्याला कमी हवा पुरते, किलोला नऊ किलोच. मिश्रणाला मग १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास लागते. जुना जेट जुन्या हिशेबाने पेट्रोल सोडतो, आणि इंजनाला मिळते ते पातळ, उपाशी मिश्रण. गाडी चढावर अडखळते, तापते. भर सुमारे आठ टक्क्यांची हवी. आता शिक्षकांनी हे गणित मुलांना घालावे. ११५ च्या जागी १२० चा जेट घातला, तर छिद्राचे क्षेत्रफळ किती वाढले? व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के. एका पायरीत काम झाले. म्हणून बदली कार्बोरेटर घेताना जेट ज्याचे बाजारात सुटे मिळतात असाच घ्यावा.

इथेनॉल जुने रबर फुगवते, हवेतले पाणी शोषते, आणि कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित धातूला पांढरी बुरशी आल्यासारखे करते. टाकीतला जुना गंजही सुटून येतो. तेव्हा नवीन रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्या, सुईचे टोकही तसेच असावे, पंपाच्या आधी एक गाळणी बसवावी, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवावी. फुगलेली, चिरलेली नळी ही निव्वळ गैरसोय नाही. ॲम्बॅसिडरसारख्या गाडीत कार्बोरेटरच्या खालीच तापलेला एक्झॉस्ट असतो. त्यावर ठिबकणारे पेट्रोल म्हणजे आग.

कायद्याचेही एक कलम सांगून टाकतो. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदता येते. चॅसी, बॉडी किंवा इंजन यांत मोठा फेरफार केलेला नसावा अशी त्यात अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. ज्यांना पुढेमागे ती नोंद करायची असेल, त्यांनी बदली कार्बोरेटर बसवताना इंजनाला नवे भोक पाडू नये, काही कापू नये, आणि मूळ कार्बोरेटर तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात जपून ठेवावा. भंगारवाल्याला मापाने तो एवढासाच, पण पुन्हा मिळायचा नाही.

बसवून झाले की पहिले काम, इंजन सुरू करण्याआधी हातपंपाने किंवा सेल्फ मारून वाटी भरू द्या आणि पाच मिनिटे नुसते पाहा. कुठे ओल दिसते का? दिसली तर आधी ती. मग इंजन चांगले गरम करून उभ्या चालीचे स्क्रू लावा, आणि हे उघड्यावर करा. बंद गॅरेजात धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. पंधरा-वीस किलोमीटर चढउतार करून या आणि प्लग काढून पाहा. पांढराफटक असेल तर मिश्रण उपाशी, काळा काजळलेला असेल तर अजीर्ण, आणि चहातल्या बिस्किटाचा रंग असेल तर उत्तम. पाचगणी-महाबळेश्वराकडे राहणाऱ्यांनी हा रंग घाटावरच पाहावा, कारण तिथे हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे आठव्या हिश्शाने विरळ आणि मिश्रण आपोआप गडद होते. खाली चिपळुणात जुळवलेली गाडी वर काळी पडते.

त्यानंतर पी.यू.सी.च्या केंद्रावर जाऊन धुरातले आकडे काढून घ्या. इतक्या जुन्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. नुसता शिक्का घेऊन येऊ नका, आकडा विचारा. तो कागद, जेटचे आकडे आणि लिटरला पडणारे किलोमीटर एका वहीत तारखेनिशी लिहून वही गाडीतच ठेवा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर बैठकीचे नट पुन्हा एकदा, गार इंजनावर, हलक्या हाताने आवळा. नवे पॅकिंग दबून तेवढ्या काळात ते सैल झालेले असतात.